मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका



सोयाबीन बियाण्याची उगवण तपासून दाखवायला लोहा तालुक्यातील एका गावी गेलो होतो. काम आटोपल्यावर घरधन्यांनी चहाला बसवले आणि म्हणाले, "साहेब, पोरगं लातूरला बारावीला हाय. चष्मा काढायला लेसर करू म्हणतंय. पैशाची जुळणी करायलोय." ओसरीवर त्यांच्या मातोश्री ज्वारी निवडीत होत्या. बोटांनी चाचपत होत्या, तरी खडे सुपात तसेच राहत होते.

"आणि आईच्या डोळ्यांचं काय?"

"मोतीबिंदू हाय, पर अजून पिकला न्हाई."

हे 'पिकणे' आपल्याकडे फार खोल रुतले आहे. एके काळी ते बरोबरही होते. तेव्हा डोळ्यातले भिंग अख्खे काढीत, टाके घालीत, आणि पुढे जन्मभर जाड काचांचा चष्मा. आता बारीक छेदातून गढूळ भिंग काढून तिथे कृत्रिम भिंग बसवतात. बहुतेक माणसे त्याच दिवशी घरी येतात. रोजच्या कामाला नजर अडू लागली, की शस्त्रक्रियेची वेळ झाली. हिवाळाच हवा असेही नाही. उलट फार थांबले तर भिंग कठीण होते, फुगते, कधी आतून झिरपते. काढणी लांबली की सोयाबीनच्या शेंगा तडकतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू झाला, तर त्यात गेलेली नजर परत येत नाही.

माझ्या आईचे हेच झाले. आधी तुरीची रास, मग हरभरा, मग बहिणीचे लग्न, अशी आम्ही वर्षे ढकलली. एका रात्री डोळा लालभडक झाला, डोके ठणकू लागले, उलट्या झाल्या. पित्त समजून आम्ही दोन दिवस घालवले. शस्त्रक्रियेने ठणका गेला, पण त्या डोळ्याने तिला पुन्हा दिसले नाही. घरात बी.एस्सी. झालेला मुलगा असून ही गत!

आता पोराचे. लेसरने बुबुळाला नवा आकार देऊन नंबर घालवतात. म्हातारपणीच्या मोतीबिंदूवर तो इलाज नव्हे. त्याला वय अठरा पूर्ण हवे, नंबर निदान वर्षभर स्थिर हवा, आणि बुबुळ पातळ निघाले तर डॉक्टर नाही म्हणतात. शिकत्या वयात नंबर बहुधा वाढतच असतो. चष्म्याने त्याला नीट दिसते आहे, तो चार वर्षे थांबू शकतो.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत, उदगीरला लायन्सचे नेत्र रुग्णालय आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी नावाजलेले, 2008 साली पद्मश्री मिळालेले डॉ. तात्याराव लहाने तर रेणापूर तालुक्यातील माकेगावचेच.

जाण्याआधी साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. साखर चढलेली असेल तर आधी ती आटोक्यात आणावी लागते. चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. नंतर काही आठवडे थेंब वेळेवर घालायचे, डोळा चोळायचा नाही, चुलीचा धूर नको, गोठा झाडणे नको, डोक्यावरून पाणी नको. डोळा दुखला किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

चहा संपेपर्यंत घरधनी गप्प होते. मग आईकडे वळून म्हणाले, "माय, सोमवारी नांदेडला जाऊ." म्हातारी म्हणाली, "तेवढं निंदण होऊ दे की."