एक आघात आणि नित्याची ओढ

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर ही एका क्षणाची निर्मिती आहे. अंतराळातून प्रचंड वेगाने आलेली उल्का दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा पडला. त्या आघाताच्या उष्णतेने खडक वितळला. त्याचे काचेसारखे कण आजही तेथे सापडतात. चंद्रावरील काळे सपाट प्रदेशही बेसाल्टचेच असल्याने चांद्रविवरांच्या अभ्यासासाठी लोणारला मोठे महत्त्व आहे. परंतु तेथील आग केव्हाच विझली. आज विवरात खारे पाणी आहे आणि उतारांवर दाट झाडी आहे.

गुरू ग्रहाचा चंद्र ‘आयो’ याची कथा निराळी आहे. आपल्या चंद्राहून किंचित मोठा असा हा गोल. तो एव्हाना थंड व्हावयास हवा होता. तथापि मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ यानाच्या छायाचित्रांत त्याचे जागृत ज्वालामुखी दिसले. पील, कॅसेन आणि रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी आयोचे अंतरंग वितळलेले असावे, असे भाकीत काही दिवस आधीच प्रसिद्ध केले होते.

गुरूची ओढ आयोच्या जवळच्या बाजूवर अधिक आणि दूरच्या बाजूवर कमी असते. त्यामुळे तो किंचित लांबट होतो. त्याची कक्षा पूर्ण वर्तुळाकार असती, तर हा ताण एकसारखा राहिला असता व अशी उष्णता उत्पन्न झाली नसती. परंतु युरोपा आणि गॅनिमिड हे शेजारचे चंद्र ठरावीक कालाने ओढ देऊन ती कक्षा लांबट राखतात. म्हणून सुमारे साडेबेचाळीस तासांच्या प्रत्येक फेरीत आयो गुरूच्या जवळ जातो व दूर सरतो, ताणला जातो व सैलावतो. लोखंडी तार वारंवार वाकविल्याने तापते, तसाच तो आतून तापतो.

कषायांचेही असेच आहे. कुटुंबात वा पेढीवर झालेला मोठा कलह सर्वांना दिसतो. वडीलधारी मंडळी मध्यस्थी करतात आणि कालांतराने तो शमतो. हिशेबाच्या वेळचा टोमणा, भावाभावांतील तुलना, सासू-सुनेचा अबोला मात्र कोणाच्या नजरेत येत नाही. एकीकडे राग म्हणजे आसक्ती, दुसरीकडे द्वेष. या दोहोंच्या रोजच्या ओढीने मन आतून तापत राहते.

म्हणूनच क्षमापनेसाठी केवळ संवत्सरीची योजना नाही. चातुर्मासिक व पाक्षिक प्रतिक्रमण आहे, तसेच दररोज सकाळ-संध्याकाळचेही आहे. रात्री गल्ला मोजून वही मिटताना त्या दिवशी कोणाचे मन दुखावले, हेही आठवावे आणि क्षमा त्याच दिवशी मागावी.