रायवळ तोडण्याआधी

देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कातळावर उभी असलेली हापूसची लाखो कलमे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने जवळजवळ एकच झाड आहे. कधी काळी एका कोयीतून एक रोप उगवले, त्याचे फळ कुणाच्या तरी जिभेला पटले आणि त्याची काडी दुसऱ्या रोपांवर चढत चढत इथवर आली. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. पुढे तिथल्या जेझुइट पाद्र्यांनी आंब्यावर कलमे बांधण्याची पद्धत रुळवली, असे मानले जाते. हापूसला नावही गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्कचेच मिळाले. सिंधुदुर्गाचे आजचे अर्थकारण त्या काडीवर उभे आहे.

कोयीने हे काम झाले नसते. आंब्याच्या एका तुऱ्यात शेकडो फुले असतात, पण त्यातली बरीचशी नर. फळ धरते ते मोजक्या उभयलिंगी फुलांना, आणि त्यांच्यापर्यंत पराग पोचवतात त्या मुख्यतः माश्या. पराग शेजारच्या कुठल्याही झाडाचा असू शकतो. हापूसच्या कोयीतून एकच रोप येते आणि त्यात आईइतकाच या परक्या बापाचाही वाटा असतो. म्हणून हापूसची कोय पुरली तर वर येतो तो रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेला, दरवेळी वेगळा आंबा.

जुन्या बागायतदारांनी भेट कलमे बांधली. पुढे कोय कलम आले. पावसाच्या तोंडावर रायवळाच्या कोयी रुजत घालायच्या. दहा-पंधरा दिवसांत तांबूस, लुसलुशीत पानांचे रोप आले की त्याचा शेंडा उडवून मधोमध उभी चीर द्यायची. तेवढ्याच जाडीची हापूसची काडी खाली पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळायची. सालीखालचा वाढीचा पातळ थर दोन्हीकडचा जुळला तर कलम जगते, नाहीतर काडी काळी पडते. पट्टीच्या वर हापूस, खाली रायवळ. बाजारात पेटीवर नाव वरच्याचे लागते. कातळाच्या भेगांतून पाणी शोधणारी मुळे खालच्याची असतात, हे फारसे कुणी बोलत नाही.

काजूची गोष्ट नेमकी उलट. पोर्तुगीजांनीच तो सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला, पण त्याच्यावर कलमाचे हात फिरले नाहीत. बी पडली, उगवली, डोंगर भरले. (आपण ज्याला फळ समजतो ते बोंड म्हणजे फुगलेला देठ. खरे फळ खाली लोंबणारी बी.) चारशे वर्षे असे चालल्याने काजूचे प्रत्येक झाड वेगळे झाले. कुणाची बी बोटाच्या पेराएवढी, कुणाची वाटाण्याहून थोडी मोठी. बागायतदाराला हा वैताग होता. 1957 मध्ये स्थापन झालेल्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राला मात्र याच गोंधळात भांडवल सापडले. वेंगुर्ला-1 ही जात अणसूरच्या एका झाडातून निवडली गेली. वेंगुर्ला-4 च्या आईबापांपैकी एक वेतोऱ्याचा आहे. दोन्ही गावे वेंगुर्ले तालुक्यातलीच. आज रोपवाटिकेतून काजूची कलमे नेणारा शेतकरी कुणाच्या तरी परड्यातल्या, आपसूक उगवलेल्या झाडाचेच वाण नेत असतो.

रातांब्याने, म्हणजे कोकमाच्या झाडाने, तर लिंगभेदाचा धडा कोकणी माणसाला फुकट दिला आहे. नर झाड वेगळे, मादी वेगळे. बी लावली तर ढोबळमानाने निम्मी झाडे नर निघतात आणि ते कळते सहा-सात वर्षांनी, पहिली फुले आल्यावर. मग नराला सरपणाची वाट. सगळेच नर तोडले तर मादी झाडे वांझोटी उभी राहतील, एवढे शहाणपण आपल्या आज्यांना होते.

1990 मध्ये राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली आणि कलमे वरकस जमिनीवर चढली. त्या योजनेने या जिल्ह्याला दोन पैसे दाखवले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण लागवडीसाठी जागा करताना आणि आता रस्ते, बंगले, रिसॉर्टसाठी जे तुटते आहे ते रायवळच. रायवळ गेला की उरतो एकटा हापूस, आणि एका झाडाच्या लाखो प्रतींवर विसंबण्याचे मोल जगाने चुकवले आहे. ग्रो मिशेल या केळीच्या मुनव्यांवर उभा असलेला जगाचा केळीव्यापार पनामा रोगाने 1950 च्या दशकापर्यंत मोडकळीला आला आणि कॅव्हेंडिश गटाकडे वळावे लागले. आपल्या जळगावची ग्रँड नैन त्याच गटातली.

हापूसचे दुखणे आपल्या घरचे आहे: साका, म्हणजे फळाचा गर आतून नासणे. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांच्या संशोधनाने बोट ठेवले ते कोयीवर. फळ झाडावर असतानाच कोय रुजण्याच्या तयारीला लागते आणि गराची नासाडी सुरू होते. दर कलमात तोच स्वभाव, म्हणून दर बागेत तेच दुखणे. उपाय कुठून आला? वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूस यांचा संकर करून 1981 मध्ये रत्ना दिला, ज्यात साका नाही. मग रत्ना आणि हापूस यांच्यापासून 1992 मध्ये पातळ कोयीचा सिंधू. दोन्ही वेळा मार्ग फुलातून, परागातून, बीतून गेला. कलमाने नवा गुण येत नाही, आलेला गुण टिकतो.

म्हणून रायवळाकडे साठांपुरता आंबा म्हणून पाहणे परवडणारे नाही. 1964 च्या वृक्षतोड कायद्याने आंबा परवानगीशिवाय तोडता येत नाही, पण परवानगी देताना ते झाड कोणत्या गुणाचे, हे कुणी विचारत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. तिच्यात ‘आंबा’ एवढे लिहून भागवू नये. कोणाच्या परड्यातला, कधी मोहरतो, दरसाल धरतो की एकाआड एक, अवकाळी पावसात टिकतो का, साका होतो का, हे लिहावे. ज्यांच्या दारात असे नावाजलेले झाड आहे त्यांनी कुऱ्हाड लावायच्या आधी येत्या पावसाळ्यात त्याच्या दहा काड्या कोय कलमाने बांधून घ्याव्यात. कलम बांधणारा माणूस अजून जवळपास प्रत्येक गावात आहे.