जुनें खत, नवी सही

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींत एक उपदेश शहाणपणाचा म्हणून फिरत असतो. मनुष्य कर्जांत बुडाला आणि त्यानें न्यायालयांत नादारीचा अर्ज केला, तरी मोटारीचें कर्ज तेवढें त्यानें पुन्हां आपल्या नांवावर लिहून द्यावें; म्हणजे गाडीही हातची जात नाहीं आणि हप्ते वेळेवर भरल्यानें गेलेली पतही परत येते, असा त्याचा आशय आहे. दिसावयास हा उपदेश मोठा व्यवहारी आहे. आमच्या मतें तो ऋणकोच्या हिताचा नाहीं; आणि जो कायदा त्याला तो मानावयास भाग पाडतो, तो कायदा स्वतःच्याच हेतूचा घात करितो.

त्या देशाचा चालू नादारी-कायदा १९७८ सालचा आहे. त्याच्या सातव्या प्रकरणाखालीं अर्ज करणाराची, कायद्यानें वगळलेल्या वस्तु सोडून, बाकीची जिंदगी विश्वस्ताच्या स्वाधीन होते. ती विकून जें येईल तें धनकोंत वांटलें जातें आणि उरलेल्या बहुतेक देण्यांतून तो मोकळा होतो. पोटगी, बरेचसे कर आणि शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज यांतून मात्र सहसा सुटका नसते. प्रामाणिक पण दुर्दैवी ऋणकोला जुन्या ओझ्याखालून काढून संसार नव्यानें मांडण्याची संधि द्यावी, हें यामागचें तत्त्व तेथील सर्वोच्च न्यायालयानें लोकल लोन कंपनी विरुद्ध हंट या १९३४ सालच्या खटल्यांत स्पष्ट शब्दांत मान्य केलें. ज्या इंग्रजी कायद्यानें १८२४ सालीं डिकन्सच्या बापाला देण्यापायीं मार्शलसीच्या तुरुंगांत घातलें, त्याच कायद्याच्या परंपरेंतून निघालेल्या राष्ट्रानें येथवर यावें ही लहान गोष्ट नव्हे. कर्ज बुडविणें हें पाप, तेव्हां अशी मुक्ति मुळांतच नको, असें म्हणणारे लोक आपल्यांत अजून आहेत. त्यांना एवढेंच विचारावें कीं, बुडण्याचा धोका गृहीत धरूनच जो धनको व्याजाचा दर चढवितो, त्याला तो धोका खरा ठरल्यावर आश्चर्य कां वाटावें?

परंतु मोटारीपाशीं येऊन हें औदार्य अडखळतें. मोटारीच्या कर्जाला दोन दोर असतात. एक ऋणकोच्या गळ्यांतला, म्हणजे त्याची वैयक्तिक जबाबदारी; दुसरा गाडीच्या गळ्यांतला, म्हणजे तिच्यावरचा बोजा. न्यायालयाचा मुक्ततेचा हुकूम पहिला दोर तोडतो, दुसरा तसाच राहतो. म्हणून नादार झालेल्या माणसापुढें कायदा तीन वाटा ठेवितो. गाडी परत द्यावी. किंवा तिची आजची किंमत एकरकमी भरून ती सोडवून घ्यावी. किंवा मुक्ततेच्या हुकुमापूर्वीं नवा करार करून संपूर्ण कर्ज पुन्हां अंगावर घ्यावें. एकरकमी पैसे ज्याच्यापाशीं आहेत तो नादारीच्या न्यायालयांत कशाला येईल? आणि न्यूयॉर्कसारखीं थोडीं शहरें सोडलीं तर त्या देशांत गाडीवांचून नोकरीवर पोंचतां येत नाहीं. उरली तिसरी वाट.

पूर्वीं एक चौथी वाट होती. ऋणकोनें सही करावयाची नाहीं, हप्ते मात्र नेमानें भरावयाचे, आणि हप्ते येत आहेत तोंवर धनकोनें गाडीला हात लावावयाचा नाहीं. कित्येक संघीय अपील न्यायालयांनीं ही वाट मान्य केली होती, कित्येकांनीं नाकारली होती. २० एप्रिल २००५ रोजीं सही होऊन त्याच वर्षीं १७ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या दुरुस्तीनें ती बहुतांशीं बुजविली. आतां अर्जानंतर तीस दिवसांत ऋणकोनें आपला मनोदय लेखी कळवावयाचा आणि धनकोंच्या पहिल्या सभेनंतर थोड्याच दिवसांत तो अमलांत आणावयाचा; न आणल्यास न्यायालयाचें संरक्षण गाडीपुरतें सुटतें. मग नादारीचा अर्ज हाच करारभंग, असें कलम मूळ करारांत असेल, तर एकही हप्ता चुकला नसतां धनको गाडी ओढून नेऊं शकतो. नेतोच असें नाहीं. लिलावांत जुन्या गाडीला काय येतें हें त्याला ठाऊक असतें, आणि पुष्कळ धनको हप्ते घेऊन स्वस्थ बसतात. परंतु दुसऱ्याच्या मर्जीवर उभें राहणें याला कोणी हक्क म्हणत नाहीं. गंमत अशी कीं, ही दुरुस्ती जंगमापुरती आहे. घरावरच्या कर्जाला ती लागू नाहीं. ज्याला घर आहे त्याला चौथी वाट पुष्कळ ठिकाणीं अजून उघडी आहे, आणि ज्याला केवळ गाडी आहे त्याला ती बंद आहे.

सहीची किंमत काय पडते तें पाहूं. समजा, गाडीवर १८,००० डॉलर देणें आहे आणि बाजारांत तिची किंमत ११,००० आहे. सही करणारा ११,००० च्या वस्तूसाठीं १८,००० चा देणेकरी होतो. दीड वर्षानें त्याची नोकरी गेली. तोंवर देणें १४,००० वर आलें होतें. धनकोनें गाडी नेली, लिलावांत ६,००० आले. राहिलेले ८,००० आणि वर जप्तीचा खर्च याच्या मानगुटीवर बसला, आणि गाडीही गेली. सातव्या प्रकरणाचा आसरा पुन्हां घ्यावा तर पहिल्या अर्जापासून आठ वर्षें दार बंद. २००५ पूर्वीं तें सहा वर्षें बंद असे. आतां सही न करणारा पाहा. तीच गाडी, तेच हप्ते, तीच गेलेली नोकरी; परंतु तो किल्ल्या धनकोच्या हातीं देतो आणि घरीं जातो. दोघांत अंतर एका सहीचें.

महाराष्ट्रांतल्या वाचकाला ही सही ओळखीची वाटली पाहिजे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें कर्जरोख्याची मुदत तीन वर्षें ठरविली. हेतु असा कीं व्याज सांचत जाऊं नये. सावकारानें त्यावर तोड काढली. दर तीन वर्षांनीं कुळाला बोलवावयाचें, थकलेलें व्याज मुद्दलांत घालावयाचें आणि नव्या खतावर आंगठा घ्यावयाचा. कायदा मुदतीनें जुनें देणें मारीत होता, सावकार नव्या खतानें तें जिवंत करीत होता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं हल्ला केला, तो प्रथम या खतांवर. पुढें १८७९ सालच्या दख्खन शेतकरी कायद्यानें न्यायाधीशाला खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. अमेरिकन करारांत व्याजावर व्याज चढवीत नाहींत हें खरें. परंतु मेलेलें देणें सहीनें उठविण्याची युक्ति तीच आहे.

यावर तेथील वकील म्हणतील कीं, कायद्यानें पुरेशी काळजी घेतली आहे. करार न्यायालयांत दाखल करावा लागतो. यानें अशिलावर अवाजवी भार पडत नाहीं असा दाखला वकिलाला द्यावा लागतो. वकील नसेल तर न्यायाधीशाची मंजुरी लागते. मुक्ततेचा हुकूम होईपर्यंत किंवा करार दाखल झाल्यापासून साठ दिवसांपर्यंत, यांपैकीं जें नंतर येईल तोंवर, सही मागें घेतां येते. हें सर्व खरें आहे, आणि ज्यानें आधींच सही केली असेल त्यानें ते साठ दिवस बोटांवर मोजावे. परंतु उद्यां कामावर जावयाचें आहे आणि अंगणांतली गाडी रात्रींत नाहींशी होईल, या भीतीनें जो सही करितो, त्याच्या संमतीला दाखल्यानें स्वेच्छा येत नाहीं. धनकोची सोय पाहिली तरी सही अनावश्यक आहे. त्याचें तारण दारांत उभें आहे, हप्ता चुकला तर तें त्याचेंच आहे. जेथें चौथी वाट चालू होती तेथें मोटारीचीं कर्जें मिळावयाचीं थांबलीं नव्हतीं.

राहिली पत. मराठींत हा शब्द अब्रूच्या शेजारीं बसतो, आणि उपदेशकांची सारी मोहिनी या शेजाराची आहे. वास्तविक तेथें पत म्हणून जी मोजतात ती १९८९ पासून प्रचारांत आलेली ३०० ते ८५० पर्यंतची एक संख्या आहे. तिच्यांत फेडीच्या इतिहासाला शेंकडा ३५, देणें असलेल्या रकमांना ३०, खात्यांच्या वयाला १५, नव्या कर्जाला १० आणि कर्जांच्या विविधतेला १०, असें वजन दिलेलें आहे. पगार किती, शिल्लक किती, याची त्यांत गणनाच नाहीं. सहा महिन्यांत ज्याच्या कोणत्याही खात्याची नोंद आली नाहीं त्याला ही संख्याच मिळत नाहीं. म्हणजे रोखीनें जगणारा गृहस्थ तेथें बिनपतीचा! ही ऋणको म्हणून किफायतशीर असण्याची मोजणी आहे, सचोटीची नव्हे. मुक्ततेनंतर नव्या मोटारीच्या कर्जाचीं आमंत्रणें टपालानें येऊं लागतात तीं यामुळेंच. आठ वर्षें हा मनुष्य सातव्या प्रकरणाखालीं पुन्हां सुटूं शकत नाहीं, यापेक्षां चांगलें गिऱ्हाईक कोणतें?

सही न करणाराचे हप्ते धनको सहसा पतसंस्थांना कळवीत नाहींत, हा उपदेशकांचा एकमेव खरा मुद्दा आहे. त्याला उपाय असा कीं, मिळालेला प्रत्येक हप्ता कळविणें कायद्यानें सक्तीचें करावें. तोंवर पावत्या जपाव्या. थोडी अनामत ठेवून मिळणारें कार्ड घ्यावें आणि दरमहा तें पूर्ण फेडावें. २००३ च्या कायद्यानें वर्षाला फुकट मिळणारा उतारा मागवून, सुटलेलीं देणीं त्यांत अजून जिवंत दाखविलीं नाहींत ना, तें पाहावें. १९७० च्या कायद्याप्रमाणें नादारीची नोंद दहा वर्षें राहूं शकते, सही करा अगर न करा. आणि जसजशीं वर्षें जातात तसतसें तिचें वजन आपोआप कमी होतें. त्यासाठीं ७,००० डॉलरचें बिनमोबदला देणें स्वीकारणें याला व्यवहार म्हणत नाहींत.

हा वाद परका नाहीं. तेथील तीन मोठ्या पतसंस्थांपैकीं ट्रान्सयुनियन हिच्याच नांवानें आपली सिबिल चालते. २००० सालीं निघालेल्या या संस्थेचा ३०० ते ९०० चा आंकडा आतां खेड्यांतल्या ट्रॅक्टरच्या कर्जापर्यंत पोंचला आहे. मुक्ति मात्र मागें राहिली. २०१६ च्या नादारी संहितेंतील व्यक्तींविषयींचा भाग १ डिसेंबर २०१९ रोजीं अमलांत आणला तो कंपन्यांच्या जामीनदारांपुरता. इतरांच्या वांट्याला १९०९ व १९२० चे जुनेच कायदे ठेवले. त्या भागांत ऋणकोच्या उपजीविकेला लागणारीं अवजारें, पुस्तकें आणि वाहनें जिंदगींतून वगळलीं आहेत. परंतु त्यांच्या आधीं एक विशेषण आहे, तें ‘बिनबोजाचीं’. पुण्यांतल्या रिक्षांपैकीं किती बिनबोजाच्या आहेत, हें कायदा करणारांनीं त्यांचीं नोंदणीपुस्तकें उघडून पाहावें आणि मग तो भाग सर्वांना लागू करावा.