मुंबईचें तोंड कोणत्या अंगास?

मुंबईचें छायाचित्र उत्तम कोठून निघतें, हा प्रश्न आमच्या नारपोलीच्या घरांत गेले तीन महिने पंक्तींत, माजघरांत आणि क्वचित् पळीपंचपात्रापुढेंही चर्चिला जात आहे. मागांच्या खटखटाटांत झोंपणाऱ्या व गोदामांच्या पत्र्यांवर सूर्योदय पाहणाऱ्या आम्हां नारपोलीकरांनीं दोन तासांच्या वाटेवरील नगराच्या रूपाची एवढी काळजी कां वाहावी, असें कोणी विचारील. त्याचें कारण आमचे थोरले काका होत.

काकांचें वय शहाऐंशी. काचबिंदूनें त्यांचा एक डोळा गेला आहे. दुसऱ्यानें, बांबूच्या नळींतून पाहावें त्याप्रमाणें, मधलें तेवढें दिसतें. आणि तेंही किती दिवस दिसेल हें डॉक्टर निश्चयानें सांगत नाहींत. श्रावणांत एके दिवशीं ते सहज म्हणाले, "दाभोळाहून बोटीनें प्रथम आलों तेव्हां मुंबई जशी दिसली, तसें एखादें मोठें चित्र या भिंतीवर असतें तर बरें होतें." ही गोष्ट १९५१ सालची, तेव्हां काका बारा वर्षांचे होते. कोंकणच्या त्या बोटींचा काळ केव्हांच सरला. परंतु घरांत नवा कॅमेरा आलेला, आमचे धाकटे पुतणे त्याच्या नादीं लागलेले, आणि काकांनीं आजवर आपल्यासाठीं म्हणून कांहीं मागितल्याचें कोणास आठवत नव्हतें. झालें! दुसऱ्याच रविवारीं मोहीम निघाली.

पहिली स्वारी अर्थातच मलबार टेकडीवर. कमला नेहरू उद्यानाच्या कठड्यापाशीं उभें राहिलें असतां चौपाटीपासून नरीमन पॉइंटापर्यंतचा सारा अर्धचंद्र खालीं पसरलेला दिसतो. येथें जावयाचें तें तिसऱ्या प्रहरानंतर. समोरच्या मरीन ड्राइव्हच्या इमारतींचीं तोंडें पश्चिमेकडे आहेत. उतरतें ऊन थेट त्यांच्यावर पडतें आणि कॅमेरा घेणाऱ्याच्या डोळ्यांत येत नाहीं. सूर्यास्तानंतर घाईनें परतूं नये. दिवे लागलेले आहेत पण आकाश अजून काळें झालेलें नाहीं, अशी वीसपंचवीस मिनिटें आपल्याकडे मिळतात, आणि 'राणीचा हार' म्हणतात तो तेवढ्याच वेळांत खरा उमटतो. पुढें काळ्या पाटीवर पिवळे ठिपके उरतात. उन्हाळ्यांतल्या पौर्णिमेस तर चंद्र आग्नेयेकडे कलून याच इमारतींमागून वर येतो. या रांगेंतील पुष्कळ घरें १९३० ते १९५० च्या दरम्यान सारख्या उंचीचीं बांधलेलीं आहेत. २०१८ सालीं युनेस्कोनें मुंबईच्या जुन्या वास्तुसमूहाचा जागतिक वारशांत समावेश केला, त्यांत हीही आलीं. पुतण्यांनीं चित्र सुरेखच आणलें. काकांनीं भिंग लावून तें डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे वाचलें आणि विचारलें, "छान आहे. पण बोट कोठें लागते?"

आम्ही सारे निरुत्तर झालों. म्हातारा बरोबर बोलला होता. मलबार टेकडी व नरीमन पॉइंट यांमधलें पाणी हें बंदर नव्हेच. तेथें फिरावयास जातात, जहाजें लागत नाहींत. ज्या खोल व निवाऱ्याच्या पाण्यामुळें मुंबई मुंबई झाली तें पूर्वेच्या अंगास आहे. ताजमहाल हॉटेल १९०३ चें, गेटवे १९२४ चा. दोन्हीं त्या पूर्वेच्या पाण्याकडे तोंड करून उभीं आहेत, आणि समुद्रमार्गानें येणारास शहराचें पहिलें दर्शन त्या बाजूनेंच होत असे. आपण आतां आगगाडीनें व मोटारीनें शिरतों, म्हणून पश्चिमेची पाठ पाहून तिलाच तोंड म्हणूं लागलों. दिनदर्शिकेवर छापतात तीही पाठच.

दुसरी स्वारी वांद्र्याच्या किल्ल्याची झाली. १६४० सालचा हा पोर्तुगीज बुरूज लहानसा, पण येथून २००९ सालीं खुला झालेला सागरी सेतु आणि त्यापलीकडे वरळीचे गगनचुंबी मनोरे एकाच चौकटींत बसतात. हिवाळ्यांत सूर्य नैर्ऋत्येस कलून मावळत असल्यानें तो सेतूच्या तारांजवळ येतो. तेव्हां हें स्थळ डिसेंबर-जानेवारींत साधावें. हौशी मंडळींस आम्ही या जागेची शिफारस अवश्य करूं. काकांनीं मात्र "हा पूल आमच्या वेळीं नव्हता" एवढेंच म्हणून भिंग खालीं ठेविलें.

येथें एक विषयांतर. मुंबईंत छायाचित्रकलेची संस्था १८५४ सालींच निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकीं एक होते. त्या काळच्या कांचेवरील चित्रास प्रकाश फार वेळ द्यावा लागे. त्यामुळें इमारत रेखीव येई आणि पाण्यावरचीं गलबतें धुक्यासारखीं पुसट होत. आज आमच्या पुतण्यांचा कॅमेरा सेकंदाच्या सहस्रांश भागांत चित्र घेतो. तरी ज्या ठिकाणीं उभें राहावयाचें तें ठिकाण कळल्याशिवाय या वेगाचा उपयोग शून्य, हें आमच्या घरांत दोन रविवारांत सिद्ध झालें होतें.

मग आम्हीं सरावासाठीं घरचेंच पाणी निवडलें. भिवंडी हीही एके काळची बंदराची पेठ. १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी स्वराज्यांत आल्यावर या खाडीच्या परिसरांतच महाराजांच्या आरमाराची उभारणी सुरू झाली. आज अंजूरफाट्यावरून काल्हेर ओलांडून कशेळीस गेलें कीं पुलाच्या अलीकडच्या कांठावरून पलीकडे बाळकुमचे उंच मजले व त्यांच्यामागें येऊरचे डोंगर दिसतात. सकाळीं ऊन आपल्या पाठीकडून येऊन त्या मजल्यांवर पडतें, सायंकाळीं तेच मजले डोंगराच्या सांवलींत काळे पडतात. परंतु पहिल्या खेपेस सूर्य योग्य ठिकाणीं असूनही पाण्याच्या जागीं नुसता चिखल होता. तेव्हां काकांनींच पंचांग मागविलें. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब असा आहे कीं, तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी; जें उत्तर येईल तितक्या वाजतां, दिवसांतून दोनदां, सुमारें पूर्ण भरती. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. आम्ही गेलों होतों तो पौर्णिमेचा दिवस, सकाळीं सहा वाजतां. म्हणजे नेमकी ओहोटी! ज्यास पहांटेच्या प्रकाशांत कांठापर्यंत पाणी हवें असेल त्यानें अष्टमी पाहावी. भांगाची भरती असल्यामुळें पाणी फार चढत नाहीं खरें, पण चिखल झांकतें. खाडींत आंत भरती थोडी उशिरां पोंचते, हें मात्र ध्यानांत ठेवावें. माहीमच्या उपसागरास किंवा वरळीच्या किल्ल्याखालच्या खडकांसही हाच हिशेब लागू पडतो. घरांतील तरुण मंडळी हल्लीं भरतीची वेळ मोबाईलवर पाहतात; आमच्या पुतण्यांनीं ती ताडून पाहिली, आणि त्यानंतर ते पंचांग कॅमेऱ्याच्या पिशवींत ठेवूं लागले.

आतां मुख्य प्रश्न, बंदराच्या अंगाचा. शिवडीपासून निघणारा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतु जानेवारी २०२४ मध्यें खुला झाला. त्यावरून दृश्य मोठें आहे, पण थांबण्यास मनाई आहे आणि ती रास्तच आहे. घारापुरीच्या टेकडीवरून मुंबई दिसते, तथापि मधल्या पाण्यावर धूसरपणा असला तर शहराची नुसती करडी रेघ येते. हा धूसरपणा थंडींत अधिक. पावसानें हवा धुऊन निघाल्यावरचे आश्विनाचे दिवस त्या मानानें स्वच्छ. आकाशांतून चित्र घेणारें ड्रोन परवान्याशिवाय उडवूं नये, आणि नौदलाच्या गोदीकडे व युद्धनौकांकडे कॅमेरा वळवूं नये. हें सर्व वगळल्यावर उरते ती चालती बोट. गेटवेहून घारापुरीस जाणाऱ्या लाँचा आहेत. पण काकांच्या आठवणीशीं जुळणारी वाट मांडव्याहून भाऊच्या धक्क्यास येणाऱ्या रो-रो बोटीची. ती मार्च २०२० पासून सुरू आहे. तिचा वरचा मजला उंच व रुंद असून तासाभराचा प्रवास आहे, आणि कोंकणांतून येणाऱ्या जुन्या बोटी ज्या पाण्यांतून बंदरांत शिरत त्याच पाण्यांतून ती येते.

पुतण्यांनीं चित्र काढून आणावें आणि काकांनीं घरीं बसून पाहावें, असा आमचा बेत होता. काका म्हणाले, "मीही येतों." त्यावर घरांत दोन दिवस बोलाचाली झाली. जिना चढतांना ज्यांस हात द्यावा लागतो त्यांस बोटीवर कसें न्यावें, हा आमच्या वडील बंधूंचा आक्षेप खोटा नव्हता. वहिनींनीं मात्र कांहीं न बोलतां पहांटे चारला दशम्या केल्या, आणि वाद मिटला.

जातांना शहर उजव्या हातास होतें. काका मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून बसले. "मुंबई येतांना पाहावयाची," एवढेंच त्यांनीं सांगितलें. मांडव्यास चहा घेऊन परतीच्या बोटीवर चढलों तेव्हां सूर्य पूर्वेस बराच वर आला होता. वाचकांपैकीं कोणी गेल्यास त्यांनीं या परतीच्या प्रवासांत डावा कठडा धरावा. उजेड पाठीमागून येतो आणि सारें शहर तोंड वळवून उभें असल्यासारखें दिसतें. चालत्या बोटीवर तिपाई निरुपयोगी, कारण यंत्राची थरथर तींतूनच कॅमेऱ्यांत शिरते. तो हातांत धरून वेग जास्त ठेवावा. अनेक चित्रें जोडून लांब पट्टा करण्याचा मोहही टाळावा. बोट पुढें सरकत असल्यानें जवळचीं गलबतें दोन चित्रांत दोन ठिकाणीं येतात आणि जोड फसतो.

पुतण्यांनीं साठ चित्रें घेण्याचा संकल्प केला होता. प्रत्यक्षांत नऊ निघालीं. प्रोंगचा दीपस्तंभ दिसूं लागला तोंच काकांनीं त्यांची बाही धरली व "आतां काय?" म्हणून विचारलें. काकांच्या त्या नळींतून एवढें रुंद शहर एकदम दिसणें शक्यच नव्हतें. बोट हलली कीं दृष्टींतली गोष्ट निसटे. म्हणून पुतणे सांगत गेले: हा कुलाबा, ही ताजच्या शेजारची नवी उंच इमारत, हा ताजचा घुमट, हा गेटवे, ती शेअर बाजाराची इमारत, त्या गोदीच्या यारी. काकांनीं मधेंच विचारलें, "राजाबाईचें घड्याळ?" १८७८ साली पुरा झालेला, २८० फूट उंचीचा तो मनोरा बारा वर्षांच्या मुलाला बोटीवरून दिसला होता. आम्हीं सर्वांनीं डोळे ताणले. उंच इमारतींच्या गर्दींत तो आम्हांस सांपडला नाहीं. पुतणे क्षणभर थांबले. "नाहीं दिसत, आजोबा," ते म्हणाले. काकांनीं मान हालविली आणि पुढचें विचारलें. उत्तम प्रकाशाचीं तीं वीस मिनिटें अशीं बोलण्यांत गेलीं, आणि कॅमेरा गळ्यांत लोंबत राहिला.

त्या नऊंपैकीं एक चित्र चार फूट रुंद छापून घेतलें आहे. क्षितिज किंचित् उजवीकडे कललें आहे, हें पुतण्यांना अजून खुपतें. पाणी कललेलें लोकांच्या ताबडतोब लक्षांत येतें, असें ते म्हणतात. काकांनीं तें भिंतीवर उंच लावूं दिलें नाहीं. खाटेच्या बाजूस, हाताच्या अंतरावर, तें टेकवून ठेविलें आहे. रोज दुपारीं ते भिंगानें बोटभर जागा पाहतात आणि जेथवर आलें तेथें कडेला पेन्सिलीची बारीक खूण करतात. ताजचा घुमट त्यांस तिसऱ्या दिवशीं सांपडला. गेटवेखालचीं माणसें मोजण्यांत एक दुपार गेली. आतां त्यांची तक्रार अशी कीं, प्रोंगचा दीपस्तंभ डाव्या कडेच्या बाहेर राहिला. बोटीवरून प्रथम तोच दिसतो, आणि तो नसेल तर मुंबई आली असें कसें म्हणावयाचें? कार्तिकांतल्या एखाद्या स्वच्छ सकाळीं पुन्हा मांडव्यास जाण्याचें ठरलें आहे. या खेपेस कॅमेरा पुतण्यांकडे, आणि काकांशेजारीं बसून सांगण्याचें काम आमच्याकडे.