वडगावचे स्मारक आणि विसरलेली यादवी



वडगाव मावळ येथील महादजी शिंदे यांचे स्मारक केवळ परकीयांवरील विजयाचे चिन्ह आहे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत अपुरे आहे. ज्या संघर्षातून वडगावची लढाई उद्भवली, तो मुळात यादवीचा, म्हणजे एकाच राज्यातील दोन पक्षांमधील सत्तासंघर्षाचा होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि त्यांच्या जागी सत्तेवर आलेले त्यांचे काका रघुनाथराव यांच्याविरुद्ध बारभाई, म्हणजे नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांचा गट, एकवटला. तेव्हा रघुनाथरावांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह करून मदतीच्या मोबदल्यात इंग्रजांना साष्टी आणि वसई देऊ केली. वसईची खाडी जिथवर येते, त्या भिवंडीच्या वाचकाला या सौद्याची किंमत निराळी सांगावी लागत नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावी शरण आलेल्या इंग्रज फौजेच्या छावणीत स्वतः रघुनाथराव होते, ही गोष्ट विजयाच्या वर्णनातून गाळणे म्हणजे इतिहास अर्धा सांगणे होय. महादजींचे शौर्य त्यामुळे तसूभरही उणे होत नाही. स्मारकस्थळी दिल्या जाणाऱ्या माहितीत नारायणरावांचा खून आणि सुरतेचा तह यांचा स्पष्ट उल्लेख संबंधितांनी करावा, ही विनंती.

– एक वाचक, भिवंडी