जादा बॅटऱ्या किती घ्याव्यात?

दिवाळी आली की छत्रपती संभाजीनगरातल्या घरांना एक गोष्ट चुकत नाही. भाऊबीज आटोपते न आटोपते तोच पुण्या-मुंबईचे पाहुणे दाखल होतात आणि चकलीचा पहिला तुकडा मोडतानाच विचारतात, "मग अजिंठा-वेरूळ केव्हा?" यजमानाला नाही म्हणता येत नाही. या गावात राहून पाहुण्याला लेणी न दाखवणे म्हणजे पंढरपुरात राहून विठोबा न दाखवण्यासारखे आहे.

मग आदल्या रात्री मोजदाद सुरू होते. दशम्या किती, पाण्याच्या बाटल्या किती, कुणाची औषधे कोणत्या पिशवीत. या यादीत हल्ली एक नवे कलम शिरले आहे: कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या किती? घरातले कॅमेराधारी चिरंजीव म्हणतात, "चार तरी हव्यात." आजोबा म्हणतात, "एकीत भागत नाही म्हणजे काय?" आजोबांचेही चूक नाही. त्यांच्या तरुणपणी बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक थ्री घरोघरी असे. त्याला बॅटरी लागतच नसे. लागे तो रोल, आणि रोलात फोटो अवघे १२. तेवढ्यात अख्खे वेरूळ बसवायचे म्हणजे बटण दाबण्यापूर्वी माणूस दहादा विचार करी.

या वादाचा निकाल लावण्याची एक सोपी रीत आहे. सहल किती दिवसांची हे मोजू नये. घरचा चार्जर आणि आपण यांच्यामध्ये किती तास पडणार ते मोजावे. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटर. सकाळी गेलेली मंडळी कैलास पाहून दुपारच्या चहाला परत येऊ शकतात. तिथे कॅमेऱ्यात एक आणि जवळ एक, एवढ्याने भागते. अजिंठा सुमारे १०० किलोमीटर. पहाटे निघालेला माणूस दिवेलागणीलाच घरी येणार. शिवाय आपली गाडी फर्दापूरच्या तिठ्यावर ठेवून पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. म्हणजे गाडीत विसरलेली बॅटरी आणि घरी विसरलेली बॅटरी यांत फारसा फरक नाही! अजिंठ्याला जादा दोन घ्याव्यात आणि त्या अंगाबरोबर असाव्यात. (वेरूळ मंगळवारी व अजिंठा सोमवारी बंद असतो, हेही ध्यानात ठेवावे, नाहीतर चारही बॅटऱ्या भरलेल्याच परत येतील.)

कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत एका बॅटरीत किती फोटो निघतात ते दिलेले असते. आरसा असलेल्या जुन्या धाटणीच्या कॅमेऱ्याचा आकडा बहुधा मोठा असतो. बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यात पडदा सतत जागा असल्याने तो बराच खाली येतो. पण पुस्तिका लिहिणाऱ्याला आपले पाहुणे ठाऊक नसतात. प्रत्येक फोटोनंतर "बघू, बघू" म्हणत सहा डोकी त्या इवल्या पडद्यावर वाकतात, आणि तिथेच बॅटरी खर्ची पडते. त्यात चिरंजीवांनी चलच्चित्रे घेतली तर हिशेबच संपला. तेव्हा पुस्तिकेतला आकडा निम्मा धरावा, म्हणजे निराशा होत नाही. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारायला बंदी आहे; तेवढी बचत मात्र होते.

आता थोडी गृहव्यवस्था. प्रत्येक बॅटरीवर क्रमांक आणि खरेदीचे साल लिहावे. भरलेल्या उजव्या खिशात, संपलेल्या डाव्या. किल्ल्या आणि सुट्या नाण्यांबरोबर बॅटरी कधीही टाकू नये. धातूने तिची टोके जोडली गेली की ती तापते, पेटूही शकते. विमानाने येणाऱ्या पाहुण्यांनी जादा बॅटऱ्या हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात. सामानात टाकायला परवानगी नसते. आणि फुगलेली बॅटरी, कितीही महाग असली तरी, निवृत्त करावी.

या सगळ्या लटांबराचे हसू येत असेल तर रॉबर्ट गिलची आठवण करावी. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमला गेला. वर्षानुवर्षे तो तिथे राबला. पुढे कॅमेराही हाती घेतला. त्या काळी काचेला रसायन लावायचे, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. म्हणजे अंधारी खोली बरोबर नेणे आलेच. त्याने रंगवलेल्या बहुतेक नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्या जळाल्या. पुढे ग्रिफिथ्सने मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी नेऊन १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. गिलचे फोटो मात्र १८६४ साली पुस्तकरूपाने निघाले होते, आणि ग्रिफिथ्सच्या चित्रांचे ग्रंथही नंतर छापले गेले. ज्याची दुसरी प्रत होती ते राहिले.

तेव्हा रात्री घरी आल्यावर संपलेल्या बॅटऱ्या चार्जिंगला लावताना त्याच बैठकीत दिवसाचे फोटोही दुसऱ्या एखाद्या ठिकाणी उतरवून ठेवावेत. बॅटरी दुकानात पुन्हा मिळते.

आणि शेवटची बॅटरी कशासाठी राखावी, तेही सांगून ठेवतो. पद्मपाणीचे फोटो पुष्कळ आहेत. आपल्यापेक्षा चांगलेही आहेत. पण पायऱ्या चढून दमलेल्या आजी ओढणीने वारा घेणाऱ्या नातीशेजारी कठड्यावर टेकल्या आहेत, हा फोटो दुसऱ्या कुणाजवळ नसतो. पुढल्या दिवाळीला त्यांचे गुडघे त्यांना इतक्या वर येऊ देतीलच असे नाही. त्या वेळी कॅमेऱ्यात जीव असला पाहिजे. त्यासाठी चिरंजीव एक बॅटरी जास्त मागत असतील, तर आजोबांनी खुशाल 'घे' म्हणावे.