आकाशवाणीचा श्रोता व संगणकविद्या

शेतकी कार्यक्रमाच्या अखेरीस ‘अधिक माहितीसाठी संकेतस्थळास भेट द्यावी’ असे एक वाक्य हल्ली बहुधा ऐकू येते. वाक्य सौजन्याचे आहे. परंतु ज्याच्यासाठी ते उच्चारले जाते तो श्रोता त्या वेळी गोठ्यात धार काढीत असतो, किंवा रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देत असतो. त्याच्या हाती लेखणी नसते. पत्ता इंग्रजी अक्षरांचा, एकदाच व घाईने वाचलेला. निवेदक पुढच्या गीताकडे वळतो आणि माहितीचे दार श्रोत्यासमोर उघडण्यापूर्वीच बंद होते.

ह्यात श्रोत्याचा दोष नाही. छापील पत्रकासाठी तयार केलेला मजकूर ध्वनिक्षेपकापुढे जसाच्या तसा वाचण्याच्या सवयीचा हा दोष आहे. संगणक व मोबाइल ह्यांविषयीची माहिती रेडिओवरून द्यावयाची असेल, तर ती कानाला पेलेल अशी घडविली पाहिजे आणि ऐकलेले हाताने करून पाहण्याची सोय गावातच असली पाहिजे. पहिले काम कार्यक्रम करणाऱ्यांचे, दुसरे ग्रामकार्यकर्त्यांचे. पैकी दुसऱ्याकडे अधिक दुर्लक्ष होत आहे.

वस्तुतः ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. सुमारे १५० गावांतील मंडळांसाठी, आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या तासाचा एक, असे २० कार्यक्रम प्रक्षेपित झाले. मंडळी एकत्र बसून ऐकत, लागलीच चर्चा करीत, शंका केंद्राकडे लिहून पाठवीत. आणि त्यांची उत्तरे पुढे रेडिओवरूनच दिली जात. पॉल न्यूराथ ह्यांनी ह्या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ दिसली. मंडळे नसलेल्या गावांत, मग तेथे रेडिओ असो वा नसो, ती नगण्य होती. यंत्रापेक्षा एकत्र बैठकीने अधिक काम केले, हा त्या पाहणीचा अर्थ आजही ध्यानात घेण्याजोगा आहे.

आज यंत्राची वाण नाही. ते प्रत्येकाच्या खिशात आहे. परंतु त्या खिशातल्या यंत्रात रेडिओही असू शकतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अनेक मोबाइलमध्ये एफ.एम. रेडिओ असतो. तो लावण्यासाठी इंटरनेट लागत नाही. मात्र कानाला लावावयाच्या यंत्राची तार जोडावी लागते, कारण तीच आकाशतारेचे काम करते. तार जोडून आवाज मोबाइलच्या कर्ण्यावर घेतला की चारचौघांना ऐकता येते. एफ.एम.च्या टप्प्याबाहेरील गावांना ‘न्यूज ऑन एअर’ ह्या सरकारी अॅपवर आकाशवाणीची केंद्रे मिळतात. त्यात डेटा फार जाईल ही भीती अनाठायी आहे. सेकंदाला ६४ किलोबिट गतीचा आवाज तासभर ऐकल्यास सुमारे ३० मेगाबाइट खर्च होतात. चलच्चित्रे पाहण्याच्या मानाने हा खर्च किरकोळच म्हणावयाचा. ज्यांच्याकडे मध्यम लहरींचा जुना संच आहे त्यांनी खरखर येताच तो टाकाऊ ठरवू नये. जवळचा मोबाइलचा चार्जर व एल.ई.डी. दिवा बंद करून पाहावा, आणि संच जागच्या जागी हळूहळू फिरवावा. आतील आकाशतार एका विशिष्ट दिशेस अधिक चांगले ग्रहण करते, त्यामुळे नुसत्या फिरविण्याने आवाज पुष्कळदा स्वच्छ होतो.

ऐकलेले टिकविण्याचा उपायही मोबाइलमध्येच आहे. कार्यक्रम सुरू होताच मोबाइलचा ध्वनिमुद्रक चालू करून तो रेडिओजवळ ठेवावा. औषधाचे प्रमाण किंवा अर्जाची मुदत पुन्हा ऐकता येते, आणि ‘किती मिली म्हणाले?’ हा वाद मिटतो. हवामानाच्या सल्ल्यासाठी २०१९ साली सुरू झालेले ‘मेघदूत’ अॅप आहे; विजेच्या धोक्याची सूचना पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ देते. ज्यास अॅप नको, वाचताही येत नाही, त्याने किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा विनाशुल्क क्रमांक फिरवावा. तेथे सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीत बोलता येते. रेडिओवरून संकेतस्थळाच्या पत्त्याआधी हा क्रमांक सांगणे अधिक उपयोगाचे. आकडे कानात राहतात.

आता जेथे खरी हानी होते त्या गोष्टीविषयी. शासकीय योजनेच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एक फाइल येते, तिच्या नावाचा शेवट ‘ए.पी.के.’ ह्या अक्षरांनी होतो. ती उघडून बसविली की मोबाइलवरील संदेश दुसऱ्याच्या हाती जातात, आणि त्यांत बँकेचा ओ.टी.पी.ही असतो. हंगामभराच्या मालाचे पैसे अशा रीतीने एका दुपारी नाहीसे होऊ शकतात. ह्याविषयी रेडिओवर ‘सावध राहा’ एवढेच सांगणे निरर्थक आहे. सावध कशापासून, हे अक्षर-अक्षर सांगितले पाहिजे. अॅप मोबाइलच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावे. पत्ता शोधपेटीत न टाकता वरच्या पट्टीत पूर्ण लिहावा, कारण शोधात पहिली येणारी ओळ अनेकदा जाहिरात असते. केंद्र व राज्य शासनाच्या संकेतस्थळांचे पत्ते सामान्यतः ‘जी ओ व्ही डॉट इन’ अशा अक्षरांनी संपतात. पैसे गेलेच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

‘घरोघरी शिकलेली मुले आहेत, आता मंडळे कशाला?’ असे कोणी म्हणेल. मुले आहेत हे खरे. पण ती पुष्कळदा शहरात असतात, आणि घरी असली तरी वडिलांचा मोबाइल हाती घेऊन काम उरकून टाकतात, शिकवीत नाहीत. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करावयाची ‘ई-पीक पाहणी’ आली, तेव्हाही अनेक गावांत एकच जाणता तरुण सर्वांचे सातबारे भरीत फिरला. त्याच्या कष्टाबद्दल आदर असावा. तथापि पुढच्या हंगामात तो गावात नसला की पुन्हा शून्यापासून आरंभ होतो. मोबाइल विचारलेल्याचे उत्तर देतो. काय विचारावे हे ज्यास ठाऊक नाही त्याला तो मुका आहे. रेडिओ न विचारता सांगतो. दोहोंची गाठ घालणारा कोणीतरी असावा लागतो.

ग्रामकार्यकर्त्याने ह्यासाठी नवी योजना येण्याची वाट पाहू नये. ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या ओट्यावर आठवड्यातून एक सायंकाळ, एक संच, एक वही आणि दहा-पंधरा माणसे पुरेत. एका बैठकीत एकच कृती घ्यावी, आणि ती ज्याच्या त्याच्या बोटांनी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर करवावी. स्त्रियांची बैठक त्यांच्या सवडीच्या वेळी निराळी घेतल्यास उत्तम. ओ.टी.पी. मात्र कार्यकर्त्याने स्वतःही विचारू नये. राहिलेल्या शंका वहीतून केंद्राकडे जाव्यात. आता टपालाची गरज नाही, आवाजी संदेशही पाठविता येतो. आणि केंद्रानेही त्यांची उत्तरे गावाचे नाव घेऊन पुढच्याच आठवड्यात द्यावीत. महिनाभर उत्तर आले नाही, तर वही बंद होते व मंडळी पुन्हा आपापल्या घरी एकेकटी ऐकू लागतात.